मनोहरच्या होडीतलं पाणी

मनोहर, तुमच्यात कावळा नाही, ही फार गैरसोय आहे बघ.

आमच्यात दहाव्याला पिंड मांडतात आणि सगळे माना वर करून बसतात. कावळा शिवेना की कुजबुज सुरू होते, कशात जीव अडकला असेल, घरात का, मुलीच्या लग्नात का. मग कोणीतरी पुढे होऊन सांगतं, 'ते आम्ही बघतो, तुम्ही निर्धास्त जा,' आणि प्रकरण मिटतं. परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला भंतेजींनी वंदना घेतली, शोभावहिनींनी मेणबत्ती लावली, चार माणसं तुझ्याबद्दल चांगलं बोलली, जेवणं झाली, संपलं. मी आपला सवयीनं खिडकीबाहेर बघतोय. तू असतास तर तिथल्या तिथे म्हणाला असतास, "काहून बे, तुमच्या शनिवार पेठेत मेल्यावरही इन्स्पेक्शन पास करा लागते का?"

लागतं. आणि तुझं झालेलं नाही. दोन गोष्टी राहिल्यात. तुझी होडी पाण्यात गेली नाही, ही एक, ती सगळ्यांना माहीत आहे. दुसरी फक्त मला माहीत आहे. आयुष्यभर मी ज्याला त्याला तोंडावर सुनावत आलो, साहेबाला, सासऱ्याला, पोस्टमनला, तुला तर रोजच. ती होडी कशानं सडली, एवढं एकच तुला सांगितलं नाही.

तुझी-माझी गाठ कंपनीत पडली. तू भंडाऱ्याकडून आलेला, पॅटर्न शॉपमध्ये. तू लाकडाचे नमुने करायचास, त्यांवरून फाउंड्रीत लोखंडाचे भाग ओतले जायचे, आणि ते भाग हातोडीनं वाजवून पास-नापास करायला मी बसलेलो. खणखणीत वाजला तर पास. बद्द वाजला तर आत भेग नाहीतर पोकळी. तुझ्या नमुन्यावरचा भाग मी नापास केला की तू जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्यातली भाजी सगळी संपवायचास आणि वर विचारायचास, "भाजी आहे का शिरा आहे बे हा?" मी तुझ्या सावजी रश्श्याला नावं ठेवायचो, तुझ्या 'करून राहिलो'ला नावं ठेवायचो, तुमच्याकडच्या उन्हाला नावं ठेवायचो. माझं प्रेम असंच बाहेर पडतं, दुसरी वाट त्याला सापडत नाही. तुला ते कळत होतं, असं मी तरी धरून चाललोय.

मग देश खुला झाला, बाहेरच्या कंपन्या येऊ लागल्या, आणि आपल्या साहेबलोकांना एकदम काटकसर सुचली. पहिली कुऱ्हाड ऑफिसर क्लबवर पडली. धरणाच्या पाण्यावर साहेबांना आणि त्यांच्या बायकांना रविवारी फिरवणारी ती पांढरी फायबरची होडी भंगारात आली. आपण दोघं कधी तिच्यात बसलो नव्हतो. भंगाराच्या आवारात तू तिच्याभोवती फिरलास, तिच्या पाठीवरून हात फिरवलास आणि तिसऱ्या दिवशी टेम्पोत घालून कर्वेनगरला घेऊन आलास. तेव्हा तुझ्या बिल्डिंगच्या शेजारी नुसता मोकळा प्लॉट, काँग्रेस गवत माजलेलं. त्यात ती ठेवलीस. वहिनी गॅलरीतून बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, लोक फ्रिज आणतात, आमच्याकडे हे आलं."

पहिलाच उन्हाळा. मी आलो तर तू पाइप लावून होडीत पाणी भरतोयस. मी म्हटलं, "काय, म्हैस बसवणार आहेस?" तू हसला नाहीस. पाइप तसाच धरून तू मला तुझ्या आजोबांच्या डोंग्याची गोष्ट सांगितलीस. अख्ख्या झाडाचं खोड कोरून केलेली होडी, तलावापलीकडच्या शेतावर जायला. उन्हाळ्यात तलाव आटत आला की आजोबा डोंगा काठावर ओढून ठेवायचे नाहीत, उलट त्यात दगड घालून तो उरलेल्या पाण्यात बुडवून टाकायचे. बाहेर ठेवला की उन्हानं लाकूड तडकतं. "लाकडाले तहान लागते बे," तू म्हणालास. "त्याले पाणी पाजा लागते." होडी बुडू नये म्हणून होडी बुडवायची, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "हे मला माहीत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी कँटीनभर तू सांगत सुटलास. "इन्स्पेक्शनवाल्याले एक गोष्ट माहीत नव्हती! माह्याकडून शिकला!" कोणीतरी पेढे मागितले. तू खरंच आणलेस.

मग दरवर्षीचं ठरूनच गेलं. होळी झाली की तू पाणी भरायचास, पाऊस आला की उपसायचास. मलेरियावाला नोटीस घेऊन आला तर तू त्यालाच चहा पाजून महापालिकेचे गप्पी मासे मागून घेतलेस आणि होडीत सोडलेस. होडी एकदाही पाण्यात गेली नाही, पण पाणी होडीत वर्षानुवर्षं होतं. तुझा सुजित तिच्या काठाला टेकून अभ्यास करायचा. तो इंजिनिअर झाला, हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला, आणि त्याच सुमारास आपल्याला कंपनीनं घरी बसायला सांगितलं. स्वेच्छानिवृत्ती. कोणाची स्वेच्छा ते काही कळलं नाही. नमुने आता स्क्रीनवर काढतात म्हणे. तुझी हत्यारं तू पोत्यात भरून आणलीस, मी माझी हातोडी आणली. कोणी विचारलंही नाही.

शेजारच्या प्लॉटवर बिल्डर आला म्हणून होडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये घ्यावी लागली. सेक्रेटरींनी फलकावर लिहिलं, 'पार्किंग फक्त वाहनांसाठी आहे. होडी हे वाहन असल्यास सभासदाने ते चालवून दाखवावे.' मला मनापासून दाद द्यावीशी वाटली. तू मात्र ते फार मनाला लावून घेतलंस. "चालवून दाखवतो न बे," म्हणालास. "चल, काढू हिले नीट. घरी बसून काय टीव्ही पाहून राहायचं?"

मी हातोडीनं तळ वाजवला. पुढे थोडा बरा आवाज आला. मधे आलो तर बद्द. मागे आलो तर बद्द. मोटर बसते ती मागची पाटी वाजवली तर ओल्या उशीवर मारल्यासारखं. मी तुझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं माझ्या हातोडीचा आवाज ऐकून तुझा चेहरा पडायचा, तसाच पडला.

तोवर मला वाटत होतं फायबरची होडी म्हणजे सगळी फायबरच. तसं नसतं. तळाशी लांबीनं लाकडी पट्ट्या जातात, त्यांच्यावर फायबरचं आवरण चढवलेलं असतं. सगळा भार त्या पट्ट्यांवर. मागच्या पाटीच्या पोटातही प्लायवूडच. ग्राइंडरनं आतली जमीन कापून उचलली आणि वास आला. पट्ट्यांच्या जागी काळा चोथा होता, चहाचा असतो तसा, ओला. खुरप्यानं काढावा लागला. त्यात गांडुळं होती. तू उकिडवा बसून तो चोथा मुठीत घेऊन दाबलास, बोटांतून पाणी गळलं. मग तू जे सुरू झालास! होडी बनवणाऱ्या मुंबईच्या त्या कंपनीच्या सात पिढ्या काढल्यास. "सडकं लाकूड आत टाकून वरतून फायबर चोपडलं लेकहो! साहेबाले कुठं दिसणार आहे! चोर साले!" सेक्रेटरी जिन्यातून परत वर गेले.

मी पण तुझ्या सुरात सूर मिसळला. मलाही तेच वाटलं होतं.

मागची पाटी मी कापली तेव्हा तू वर आंघोळीला गेला होतास. खालचा भाग काळा. पण वर वीतभर लाकूड इतकं स्वच्छ की प्लायवूडचे पदर मोजून घ्यावेत. उत्तम माल. मधली रेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ. ती रेघ कशाची ते मला बघताक्षणी कळलं, कारण त्याच उंचीवर आतल्या अंगाला तुझ्या पाण्याचा क्षार धरलेला होता. जमिनीच्या स्क्रूंच्या भोकांतून पाणी आवरणाच्या आत शिरलं आणि बाहेर पडायला वाट नाही. डोंग्याचं लाकूड उघडं, ते पाणी पितं आणि सोडतं. हे बिचारं कोंडून सडलं. कंपनी चोर नव्हती रे मनोहर. होडीला तूच पाणी पाजून मारलंस.

झालं सांगून. किती सोपं होतं.

तू ओल्या केसांनी खाली आलास आणि विचारलंस, "मागचंही तसंच निघालं का?" मी म्हटलं, "तसंच. चोर साले." स्वच्छ लाकडाचा तो तुकडा तोवर माझ्या स्कूटरच्या डिकीत गेला होता.

का नाही सांगितलं? दया वगैरे काही नाही, दया मला जमत नाही. तुझं गाव, तुझे आजोबा, तुझी भाषा, सगळ्याची मी चेष्टा केली होती. त्या सगळ्यातून एकच गोष्ट अशी होती जिच्यापुढे मी मान तुकवली होती. तीच मी काढून घेतली असती तर तुझ्याकडे माझं काय उरलं असतं? मला तू हवा होतास, लेका. खरं बोलायला बाकीचं पुणं होतंच.

पण त्या न बोललेल्याचे वळ बोललेल्या प्रत्येक गोष्टीवर उठले. मी म्हटलं, नव्या पट्ट्यांत लाकूड नको, फोम घालू, वरून फायबर चढवू. तू उडालास. "होडी आहे का थर्माकोलचं मखर आहे?" मी वजनाचं कारण सांगितलं, किमतीचं सांगितलं, फोम कापायला सोपा असतो म्हटलं. प्रत्येक कारण तू खोडून काढायचास. खरं कारण हे की तू पुन्हा पाणी भरणार होतास, आणि ते मला बोलता येत नव्हतं. एकदा तू करवत खाली ठेवून शांतपणे विचारलंस, "लाकडाचा एवढा राग काहून आला बे तुले? माहं सगळं आयुष्य त्यातच गेलं." मी ग्राइंडर चालू केला. त्याच्या आवाजात बोलणं थांबतं, ही त्याची मोठी सोय.

शेवटी वाटणी झाली. तळाच्या पट्ट्या माझ्या, फोमच्या. मागची पाटी तुझी, लाकडाची. तू टिंबर मार्केटमधून जुन्या चौकटींचा साग शोधून आणलास. मी म्हटलं, सागात तेल असतं, फायबर चिकटवायचं रेझिन धरणार नाही. तू थिनरनं पुसून पुसून ते तेल घालवलंस. पण त्याआधी तू जे केलंस ते मी विसरणार नाही. आतलं सगळं काढल्यावर रिकामी होडी पसरायला लागली होती, आतून आधार नसला की आकार सोडते. तू बाहेरून तिच्या पोटाचे पुठ्ठ्याचे नमुने कापलेस, त्यावरून फळ्या घडवल्यास आणि तिला त्यात बसवलंस. कुठे कागद जाईल एवढी फट नाही. मी हातोडी घेऊन सगळीकडून वाजवलं आणि म्हटलं, "पास." तू खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलंस, बराच वेळ पुसत राहिलास.

माघ-फाल्गुनातलं काम. काचतंतूंची मॅट पसरायची, रेझिनमध्ये हार्डनर घालायचा, ब्रशनं पाजायचं, बुडबुडे दाबून काढायचे. मोकळ्या हवेतही वासानं डोकं उठायचं. तू गप्पा मारत राहायचास आणि रेझिन डब्यातच दगड व्हायचं, ब्रशसकट. काचेच्या कुसळांनी अंगाला अशी खाज सुटायची की दोघंही खांबाला पाठ घासायचो. वहिनींनी आपले कपडे वेगळ्या बादलीत टाकायला लावले आणि जिन्याच्या खालीच वाढायला सुरुवात केली. "दोघांनी मिळून एक खरूज आणली घरात," म्हणायच्या. पण ताट दोघांचं असायचं. मीही मग सावजी रस्सा खायला शिकलो. नाकातून पाणी यायचं, तू खूश.

तुझं पोट तेव्हाच दुखायला लागलं होतं. तू म्हणायचास, रेझिनचा वास चढतो. मीही तेच म्हटलं. माझ्यासारख्या माणसानंही म्हटलं.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टर तुझ्या पोटावर बोटं ठेवून टकटक करत होता. तू माझ्याकडे बघून डोळा मारलास. "काय बे इन्स्पेक्टर? आवाज कसा येऊन राहिला? पास का नापास?" डॉक्टर हसला. मला हसता येईना. मी बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिलो. समोर सायकल स्टँड होता, तो बघत राहिलो. सुजित तोवर अमेरिकेला गेला होता, तिकडून रोज फोन करायचा, तिकडच्या डॉक्टरांची मतं सांगायचा. तू त्याला होडीचं सांगायचास. जमीन बसली, रंग राहिला, पानशेतच्या बाजूला ओळखीचा मळा आहे तिथून पाण्यात सोडू. मी रंग लवकर उरकायच्या मागे लागलो. रंग वाळायला वेळ लागतो, त्याला घाई कळत नाही. आणि तुला थांबणं कळलं नाही.

शेवटचं तू माझ्याशी जे बोललास ते होडीचंच. आवाज पार खाली गेला होता, मला वाकावं लागलं. "पावसाच्या आत नाही झालं तं उन्हाळाभर तशीच राहील न ती. पाणी टाकत जाजो बे. साग आहे मागं. तडकन तो."

आयुष्यभर तुझं काहीही पटलं नाही की मी तोंड उघडत आलो. तेव्हा म्हटलं, "टाकतो."

नाही टाकलं. तू गेलास आणि मी होडीवर ताडपत्री ओढली, चारी बाजूंनी दोरीनं आवळली, आत थेंब जाणार नाही अशी. तुझी शेवटची पाटी होती ती. तुझ्या हातची. ती मी सडू देणार होतो का? मी मनात हिशेब पक्का केला होता की तुझा शब्द मोडला तरी तुझी वस्तू राखतोय. इन्स्पेक्शनवाला असाच विचार करतो.

आज सकाळी आलो तर ताडपत्री घडी करून ठेवलेली. शोभावहिनी पांढऱ्या साडीचा पदर खोचून बादली होडीत ओतत होत्या. आत घोट्याएवढं पाणी झालं होतं. किती वेळा जिना चढल्या-उतरल्या होत्या कोण जाणे, नळ वर. सेक्रेटरी शेजारी उभे होते. दुसरी बादली त्यांनीच धरलेली.

मला बघून वहिनी जरा ओशाळल्या. "ऊन भल्लं वाढलं न, भाऊजी. ते सांगून गेले होते मले. मी तुमाले सांगणारच होती, पण तुमी किती करान." मग म्हणाल्या, "पाणी टाकलं का बरं वाटते. वाटते, त्यायलेच पाजून राहिली."

अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. डिकीत तो तुकडा अजून आहे, त्याच्यावरची रेघही आहे. जाऊन आणला असता, समोर धरला असता, तर अर्ध्या मिनिटाचं काम. मी खरंच वळलो. स्कूटरपाशी गेलो. डिकीच्या किल्लीला हात लावला आणि उभा राहिलो. पाठीमागे पाणी ओतल्याचा आवाज आला. त्या जवळजवळ रिकाम्या होडीत तो आवाज, मनोहर, खणखणीत येत होता. कुठेही बद्द नाही. आपण दोघांनी काम चांगलं केलं होतं रे.

मी परत आलो आणि वहिनींच्या हातून बादली घेतली. "अहो वहिनी, एवढ्या घोटभर पाण्यानं काय होणार?" मी म्हटलं. आवाज माझा नेहमीचाच आला, कुरकुरा. "सागाची पाटी आहे मागे. पाणी तिच्या वरपर्यंत यायला पाहिजे. डोंगा पूर्ण बुडवतात, माहीत नाही का?"

"तुमाले काय माहीत?" वहिनी डोळे पुसत हसल्या.

"शिकवलंय मला," मी म्हटलं.

दुपारपर्यंत भरली. पाइप सेक्रेटरींनी दिला, पहिल्या मजल्यावरच्या स्वतःच्या नळाचा. कडेला टेकून बघत बसलो. तुझा साग पाण्याखाली गेला, वरून सगळं गार, स्वच्छ दिसत होतं. सडेल रे. आपण कितीही आवरण चढवलं तरी कुठल्या तरी स्क्रूच्या भोकातून पाणी शिरेल आणि चार-सहा उन्हाळ्यांत ती पाटी सडेल. सडू दे. मी असलो तर पुन्हा उघडीन, खुरप्यानं चोथा काढीन, आणि पार्किंगभर ऐकू जाईल अशा आवाजात त्या मुंबईच्या कंपनीला शिव्या घालीन. तू घालायचास त्याच.